वाढपीही तोच, कोठावळाही तोच

औषधांच्या दुकानात काचेमागच्या फळीवर हल्ली एक बाटली हमखास दिसते. केसांसाठी, त्वचेसाठी, नखांसाठी असे तिच्यावर लिहिलेले असते. आत असते बायोटिन, म्हणजे ‘ब’ गटातील सातवे जीवनसत्त्व. गोळीतील प्रमाण कधी ५ हजार मायक्रोग्रॅम, कधी १० हजार. प्रौढ माणसाची रोजची गरज आहे सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि ती शेंगदाणे, बदाम, रताळे, अंड्याचा बलक अशा साध्या खाण्यातून भागते. हिशेब केला तर १० हजारांची एक गोळी म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांचा शिधा एका घोटात.

गोळी घेणाऱ्याच्याच आतड्यात राहणारा एक जिवाणू मात्र या बाबतीत कमालीचा काटकसरी आहे. ई. कोलाय हे त्याचे नाव. तो बायोटिन स्वतः तयार करतो, बाहेर मिळाले तर तेही घेतो, आणि गरज संपली की कारखाना बंद करतो. गरज संपली हे त्याला कोण सांगते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना एकच प्रथिन दोन अगदी वेगळी कामे करताना सापडले. त्या प्रथिनाची गोष्ट आता प्रतिजैविकांच्या संशोधनापर्यंत येऊन पोचली आहे, म्हणून ती रुग्णांनाही जवळची आहे.

आधी बायोटिन करते काय ते पाहू. शरीरातील काही एन्झाइमांना, म्हणजे विकरांना, एखाद्या रेणूवर कार्बन डायऑक्साइडचा तुकडा चढवावा लागतो. बायोटिन हा त्या तुकड्याचा हमाल. एका ठिकाणी तो पाठीवर घ्यायचा, दुसऱ्या ठिकाणी उतरवायचा. पण हा हमाल मोकळा फिरत नाही. तो एन्झाइमच्या एका ठरावीक जागी, लायसिन या अमिनो आम्लावर, पक्का जोडलेला असावा लागतो. रक्तात किंवा पेशीत नुसते बायोटिन तरंगत असून भागत नाही. ते जोडले गेले तरच उपयोगाचे. माणसात अशी बायोटिन जोडलेली पाच एन्झाइमे आहेत. ई. कोलायमध्ये बायोटिन जोडले जाते असे प्रथिन फक्त एक. मेदाम्ले बनवण्याची पहिली पायरी ज्या एन्झाइमवर अवलंबून असते, त्याचा तो एक भाग. मेदाम्ले नाहीत तर पेशीचे आवरण नाही, आणि आवरण नाही तर एका जिवाणूचे दोन होणार नाहीत. जिवाणूचा सगळा संसार असा एका प्रथिनावरच्या एका खुंटीला टांगलेला आहे.

या जीवनसत्त्वाचा शोध अंड्यामुळे लागला. १९२७ मध्ये लंडनमध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेने उंदरांना अंड्याचा कच्चा पांढरा भाग खायला घातला. त्यांची कातडी सुजली, केस गेले, चालणे बिघडले. पांढऱ्यात विष आहे की काय अशी शंका आली. पण यकृतासारखे काही पदार्थ बरोबर दिले की प्राणी बरे राहत. १९३६ मध्ये नेदरलँड्समध्ये फ्रिट्झ कोगेल यांनी सुमारे २५० किलो सुकवलेल्या बलकातून जेमतेम एक मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ काढला आणि त्याला बायोटिन नाव दिले. १९४२ मध्ये अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी त्याची रचना उलगडली. कच्च्या पांढऱ्यात विष नव्हते. त्यात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते आणि ते बायोटिनला असे घट्ट धरते की आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. अंडे शिजवले की ॲव्हिडिनची पकड जाते. व्यायामशाळेत पेला भरून कच्चे पांढरे पिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही. एखाद-दुसऱ्या अंड्याने मात्र कुणाचे काही बिघडत नाही. ॲव्हिडिनची ही पकड पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता जिवाणूकडे. बायोटिन बनवणे हे जिवाणूला महागात पडणारे काम आहे. अनेक पायऱ्या, प्रत्येक पायरीला वेगळे एन्झाइम. शेवटच्या पायरीवर रेणूत गंधकाचा अणू बसवावा लागतो, आणि तो पुरवणारे एन्झाइम स्वतःच्या आत असलेल्या लोह-गंधकाच्या गुच्छातून तो काढून देते. म्हणजे अंगठीसाठी सोने कमी पडले म्हणून सोनाराने आपल्याच हातातले कडे मोडावे, तसे. इतक्या खर्चाची वस्तू गरजेपेक्षा जास्त बनवणारा जिवाणू शेजाऱ्यांच्या स्पर्धेत टिकणार नाही.

ई. कोलायच्या डीएनएवर बायोटिनच्या कारखान्याची जनुके एका ठिकाणी आहेत. मध्ये एक छोटा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जनुके: एका दिशेला एक, विरुद्ध दिशेला चार. दोन्ही दिशांचे वाचन या मधल्या पट्ट्यापासूनच सुरू होते. पट्टा मोकळा असेल तर कारखाना चालू, त्यावर कुणी बसले तर दोन्ही दिशांनी बंद. पट्ट्याची लांबी डीएनएच्या ४० अक्षरजोड्या.

या पट्ट्यावर बसणारा रखवालदार शोधण्याचे काम अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील ॲलन कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेत झाले. कॅम्पबेल हे मुळात जिवाणूंना बाधणाऱ्या विषाणूंचे अभ्यासक. लॅम्डा नावाचा विषाणू ई. कोलायच्या डीएनएमध्ये स्वतःला कसा घुसवतो, याचे आज पाठ्यपुस्तकात असलेले उत्तर त्यांनी १९६२ मध्ये मांडले. हा विषाणू जिथे घुसतो त्याच्या शेजारीच बायोटिनची जनुके आहेत, आणि बाहेर पडताना कधी कधी तो ती बरोबर घेऊन जातो. शेजाऱ्याच्या घरी जाता-येता ओळख व्हावी तशी या जनुकांशी संशोधकांची ओळख झाली.

रखवालदाराच्या शोधात दोन प्रकारचे बिघडलेले जिवाणू हाती आले. काहींत बायोटिन भरपूर असतानाही कारखाना चालूच राही. त्यांचा रखवालदार निकामी होता. दुसऱ्या काहींना जगायला नेहमीपेक्षा खूप जास्त बायोटिन बाहेरून द्यावे लागे. त्यांच्यात बायोटिन प्रथिनाला जोडण्याचे काम नीट होत नव्हते. हे दोन वेगळे दोष, तेव्हा दोन वेगळी जनुके असणार, असे कुणालाही वाटेल. पण दोन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले, आणि काही जिवाणूंत तर दोन्ही एकदम. १९८१ मध्ये बार्कर आणि कॅम्पबेल यांनी पुराव्यानिशी मांडले की बायोटिन जोडणारे एन्झाइम आणि जनुके बंद करणारा रखवालदार हे दोघे नाहीतच, एकच आहेत. पुढच्याच वर्षी आयझेनबर्ग यांच्या गटाने ते प्रथिन शुद्ध करून दोन्ही कामे त्याच्याकडून करून दाखवली. त्याचे नाव बिर-ए. ३२१ अमिनो आम्लांचे, मध्यम आकाराचे प्रथिन.

वैद्यकीय महाविद्यालयात जनुक-नियंत्रण शिकवताना बहुधा दुधातील साखरेचे उदाहरण देतात. जेकब आणि मोनो यांचे ते उदाहरण सुंदर आहे, पण त्यातला रखवालदार नुसता रखवालदार आहे; साखर पचवण्याच्या कामाशी त्याचा संबंध नाही. बिर-एचे वेगळेपण इथे आहे. तो कामगारही आहे आणि कामाचा हिशेबही तोच ठेवतो. हे कसे जमते ते समजायला लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणावी.

पंगतीत वाढपी जिलबीची परात घेऊन फिरतो आहे. समोर रिकामे ताट दिसले की वाकतो, जिलबी वाढतो, परत आत जाऊन परात भरून आणतो. ताटे भराभर रिकामी होत आहेत तोवर त्याला उसंत नाही आणि आत कढई चालू आहे. मग एक वेळ अशी येते की सगळ्यांची ताटे भरलेली. वाढपी भरलेली परात घेऊन नुसताच उभा. त्याच्यासारखाच दुसराही एक भरली परात घेऊन रिकामा उभा. दोघे भेटतात आणि एकत्र आत जाऊन आचाऱ्याला सांगतात, आता कढई उतरव. पुढे उशिरा आलेल्यांची पंगत बसली, ताटे मांडली गेली, की दोघे पुन्हा वाढायला जातात आणि कढई पुन्हा चढते. कोठीची किल्ली वाढप्याकडेच असल्यासारखी ही व्यवस्था.

पेशीत जिलबी म्हणजे बायोटिन, ताट म्हणजे ते बसवून घ्यायला तयार असलेले प्रथिन, आणि वाढपी बिर-ए. परात भरण्याची पायरीही खरी आहे. बिर-ए आधी बायोटिन आणि एटीपी हा ऊर्जेचा रेणू घेऊन त्यांचे एक जोडरूप बनवतो: बायोटिनिल-एएमपी. हे जोडरूप मोकळे सोडले तर टिकत नाही, म्हणून बिर-ए ते आपल्या कुशीत धरून ठेवतो. ते कुशीत आले की प्रथिनाचे काही सैल धागे जागच्या जागी बसतात आणि त्याचा एक पृष्ठभाग जोडीदार शोधायला तयार होतो. जोडीदार म्हणून बायोटिनची वाट पाहणारे प्रथिन भेटले तर बायोटिन त्याला देऊन टाकायचे. ते भेटले नाही तर तसाच भरलेला दुसरा बिर-ए भेटतो, दोघांची जोडी जमते आणि ही जोडी डीएनएच्या त्या ४० अक्षरजोड्यांच्या पट्ट्यावर जाऊन बसते.

यातली खरी खुबी अशी की ताटाशी वाकण्यासाठी आणि दुसऱ्या वाढप्याशी हात मिळवण्यासाठी बिर-एकडे पृष्ठभाग एकच आहे. एका वेळी दोन्ही शक्य नाही. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या डोरोथी बेकेट यांनी या ओढाताणीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. प्रथिनाचा त्रिमितीय नकाशा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात डीएनए धरणारे डोके एका टोकाला आणि बायोटिन जोडणारे मधले अंग वेगळे, असे स्पष्ट दिसते. डोके तोडले तर उरलेला भाग एन्झाइम म्हणून चालू राहील अशी अपेक्षा होती. ई. कोलायच्या बिर-एच्या बाबतीत तसे झाले नाही. डोके गेल्यावर बायोटिन धरण्याची ताकदही फार घटली. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूच्या बिर-एचे डोके मात्र एन्झाइमला इजा न करता काढता येते. निसर्गात एकच रचना सगळीकडे सारखी चालेल असे गृहीत धरणे किती धोक्याचे असते, त्याचे हे एक लहानसे उदाहरण.

या व्यवस्थेत जिवाणू बायोटिन मोजत नाही, ही बाब सहज निसटून जाते. तो बायोटिनची गरज मोजतो. कारखाना बंद करण्याचा इशारा नुसत्या बायोटिनने मिळत नाही. तो भरलेल्या आणि ग्राहक नसलेल्या बिर-एने मिळतो. इलिनॉय विद्यापीठातील जॉन क्रोनन यांनी १९८८ मध्ये हे दाखवले. पेशीत बायोटिन स्वीकारणारे प्रथिन मुद्दाम जास्त बनवायला लावले, तेव्हा बायोटिनचे प्रमाण तेवढेच असूनही कारखाना सुरू झाला. पंगत मोठी झाली, म्हणून कढई चढली. जिवाणू वेगाने वाढत असतो तेव्हा मेदाम्लांसाठी नवी एन्झाइमे बनतात, रिकामी ताटे वाढतात, आणि वरून कुणी हुकूम न देता बायोटिनचे उत्पादन वाढते.

सगळ्याच जिवाणूंत ही दुहेरी नेमणूक नाही. ई. कोलाय, बॅसिलस आणि पू निर्माण करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस यांच्यात आहे. क्षयरोगाच्या जिवाणूतील बायोटिन जोडणाऱ्या एन्झाइमला डीएनए धरणारे डोकेच नाही. तो फक्त वाढपी.

रुग्णाच्या दृष्टीने याचे महत्त्व काय? पहिले उदाहरण ई. कोलायच्याच एका घातक भावंडाचे. दूषित अन्नातून येणारा, रक्ती जुलाब करणारा आणि काही मुलांत मूत्रपिंडे निकामी करणारा हा प्रकार मोठ्या आतड्यात ठाण मांडतो. तोंडावाटे आत गेल्यावर लहान आतडे आधी लागते, मग तो तिथेच का चिकटत नाही? चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की लहान आतड्यात बायोटिन जास्त असते, मोठ्यात कमी. या जिवाणूतील बिर-ए हा फरक ओळखतो आणि फर नावाच्या दुसऱ्या नियंत्रक प्रथिनामार्फत चिकटण्याची जनुके कमी बायोटिनच्या जागी चालू करतो, जास्त बायोटिनच्या जागी बंद ठेवतो. त्याला बायोटिन म्हणजे आपण कोणत्या गावात आहोत हे सांगणारी पाटी. भरपूर बायोटिन असलेला आहार दिलेल्या उंदरांत हे जिवाणू कमी चिकटले. उंदरांवरच्या या निष्कर्षावरून जुलाबावर बायोटिनची गोळी घ्यावी असा अर्थ कुणी काढू नये. जुलाबात आजही क्षारसंजीवनीच पहिली.

दुसरे उदाहरण नव्या प्रतिजैविकांचे. जुनी औषधे निकामी होत चालली आहेत, आणि शासकीय रुग्णालयांच्या वॉर्डांतील डॉक्टर-परिचारिकांना हे कुणी वेगळे सांगायला नको. अशा वेळी जिवाणूची एखादी अशी नस हवी असते की ती दाबली तर तो मरेल आणि माणसाला धक्का लागणार नाही. बायोटिन जोडणारे एन्झाइम ही तशी नस आहे. अडचण अशी की माणसातही हेच काम करणारे एन्झाइम आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडमधील संशोधकांनी २०१२ मध्ये असे रेणू प्रसिद्ध केले की जे स्टॅफिलोकॉकसचे एन्झाइम अडवतात, पण मानवी एन्झाइमवर त्यांचा परिणाम हजार पटींहून कमी असतो. शिवाय जिथे बिर-ए दुहेरी कामावर आहे तिथे एक वेगळी शक्यता उघडते. बायोटिनिल-एएमपीची हुबेहूब नक्कल करणारा, पण ताटात न पडणारा रेणू दिला तर वाढपी कायमचा भरल्या परातीनिशी अडकेल. वाढप बंद, आणि ‘ताटे भरली आहेत’ असा खोटा निरोप आत गेल्याने कढईही बंद.

क्षयरोगात हे काम आणखी पुढे गेले आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, म्हणून याकडे आपले लक्ष असायला हवे. क्षयाच्या जिवाणूचे आवरण मेदाचे, मेणासारखे जाड. ते बांधायला त्याला मेदाम्ले भरपूर लागतात, म्हणजेच बायोटिन लागते, आणि ते त्याला शरीरात स्वतःच बनवावे लागते. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी बायो-एएमएस नावाच्या रेणूने त्याचे बायोटिन जोडणारे एन्झाइम अडवले, तेव्हा प्रयोगशाळेत जिवाणू मेले. जनुकीय उपायाने हेच एन्झाइम बंद केल्यावर उंदरांच्या शरीरातून संसर्ग हटला. नुकत्याच झालेल्या संसर्गातही आणि जुन्यातही. एन्झाइम अर्धवट अडवले तरी रिफाम्पिसिन आणि एथॅम्ब्युटॉल या नेहमीच्या दोन औषधांचा जोर वाढला. क्षयाचा उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि मध्येच गोळ्या सोडणारे रुग्ण हीच त्यातली मोठी डोकेदुखी. नेहमीच्या औषधांची धार वाढवणारा जोडीदार म्हणूनच मोलाचा. अर्थात, उंदीर बरा होणे आणि रुग्णाच्या हाती गोळी पडणे यांत बरेच अंतर असते.

उंदरांवरून आठवले. बायोटिनचा कारखाना बंद पाडणारी औषधे शोधण्याचा नाद बरेच दिवस संशोधक सोडूनच देत होते, कारण उंदरांवरच्या चाचणीत ती फसत. २०२० मध्ये कॅनडातील संशोधकांनी यामागचे कारण पुढे आणले. उंदराच्या रक्तात बायोटिन माणसाच्या जवळजवळ ४० पट असते. जिवाणूला बाहेरून एवढे आयते मिळत असेल तर त्याचा कारखाना बंद पाडून काय होणार? त्यांनी उंदरांना स्ट्रेप्टॅव्हिडिन, म्हणजे ॲव्हिडिनचे जिवाणूतले भावंड, टोचून रक्तातील बायोटिन माणसाच्या पातळीवर आणले. मग बायोटिनचा कारखाना अडवणारा त्यांचा रेणू अनेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवरही चालला. ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास ही अतिदक्षता विभागाला घाम फोडणारी नावे त्यांत आहेत. एका जीवनसत्त्वाच्या पातळीतील फरकाने किती चांगली औषधे आजवर चाचणीतच बाद झाली असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

माणसातील एन्झाइमची गोष्टही जिवाणूशी जोडलेली आहे. बायोटिन जोडण्याची रीत सजीवांत इतकी सारखी राहिली आहे की १९९५ मध्ये लिऑन-देल-रिओ आणि सहकाऱ्यांनी मानवी जनुक चक्क ई. कोलायच्या मदतीने शोधले. बिर-ए बिघडलेल्या जिवाणूंत माणसाची जनुके टाकली आणि ज्या जनुकाने जिवाणू वाढू लागला, ते हेच. मानवी एन्झाइमकडे जनुक बंद करणारे डोके नाही, पण त्याने बनवलेले बायोटिनिल-एएमपी पेशीत संदेश म्हणून काम करते असे २००२ मधील कामातून दिसले. बायोटिन कमी पडले की या एन्झाइमचे आणि त्यावर अवलंबून असलेल्या काहींचे जनुक मंदावते. जिवाणूच्या नेमके उलट, आणि वेगळ्या वाटेने. हेच एन्झाइम डीएनए ज्यांवर गुंडाळलेले असते त्या हिस्टोन प्रथिनांनाही बायोटिन जोडते असा दावा मध्यंतरी बराच गाजला. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत त्याला आधार मिळाला नाही.

हे मानवी एन्झाइम जन्मतः दुबळे असलेली बाळे असतात, आणि वापरलेले बायोटिन सोडवून परत मिळवणाऱ्या बायोटिनिडेज या दुसऱ्या एन्झाइमची उणीव असलेलीही. दुसरा आजार सुमारे ६० हजार बाळांत एकाला होतो. आकड्या येतात, अंग ढिले पडते, केस विरळ होतात, तोंडाभोवती पुरळ उठते. आकडीची औषधे देऊनही आकड्या थांबत नाहीत. वेळीच ओळखले नाही तर श्रवण आणि दृष्टी जाते, आणि गेलेले ऐकू येणे बहुतेकदा परत येत नाही. उपचार काय, तर रोज ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन, आयुष्यभर. दुकानातली केसांची बाटली ज्या मात्रेची, त्याच मात्रेवर हे बाळ धडधाकट वाढते. जन्मानंतर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन होणाऱ्या तपासणीत हा आजार कळू शकतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात १९८४ मध्येच ही तपासणी सुरू झाली. आपल्याकडे ती अजून प्रत्येक बाळापर्यंत पोचलेली नाही.

केस गळणाऱ्या बाकीच्यांचे काय? बायोटिनची खरी कमतरता सहसा दिसत नाही. आकडीची काही औषधे वर्षानुवर्षे घेणारे, दीर्घकाळ शिरेतून पोषण घेणारे अशांत ती आढळते. गळणाऱ्या केसांमागे बहुतेकदा लोहाची कमतरता, थायरॉइड, बाळंतपण, मोठा ताप किंवा आनुवंशिकता असते. कमतरता नसलेल्या माणसाचे केस बायोटिनने दाट होतात याला भक्कम पुरावा नाही. जास्तीचे बायोटिन लघवीवाटे निघून जाते, म्हणून गोळीने अपाय होत नाही असेच बरीच वर्षे मानले जाई.

अपाय निघाला तो वेगळ्याच ठिकाणी, रक्ततपासणीच्या यंत्रात. अंड्याच्या पांढऱ्यातली ती पकड प्रयोगशाळांनी उपयोगात आणली आहे. थायरॉइड, हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन, काही संप्रेरके यांच्या कित्येक चाचण्यांत बायोटिन लावलेली प्रतिपिंडे वापरतात आणि ती स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलेल्या कणांनी पकडतात. रुग्णाच्या रक्तातच मोकळे बायोटिन भरपूर असेल तर पकडायच्या जागा तेच अडवते. मग टीएसएच खोटे कमी दिसते, थायरॉइडचे संप्रेरक खोटे जास्त, आणि अहवाल हुबेहूब वाढलेल्या थायरॉइडचा वाटतो. रुग्णाची नाडी शांत, हात स्थिर, वजन तेच. कागद मात्र काही भलतेच सांगतो. ट्रोपोनिन खोटे कमी दिसणे त्याहून धोक्याचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. त्यात अशा चुकीच्या ट्रोपोनिन अहवालानंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. सगळ्याच यंत्रांत हा दोष नाही, आणि काही कंपन्यांनी चाचण्या सुधारल्याही आहेत. तरी आपला नमुना कोणत्या यंत्रावर जाणार हे रुग्णाला ठाऊक नसते.

म्हणून केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी थायरॉइडची तपासणी करण्यापूर्वी निदान दोन दिवस गोळी थांबवावी, आणि घेत असल्याचे डॉक्टरांना व प्रयोगशाळेला सांगावे. ‘औषध काही चालू आहे का’ या प्रश्नाला लोक नाही म्हणतात, कारण केसांची गोळी त्यांच्या लेखी औषध नसते. छातीत दुखून तातडीने आलेल्या रुग्णाला दोन दिवस थांबवता येत नाही. तिथे नातेवाइकांनी ही गोळी आठवणीने सांगितली तरच डॉक्टर ईसीजी आणि दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीचा आधार घेऊ शकतात. बायोटिनिडेजची उणीव असलेल्या बाळाची गोळी मात्र तपासणीसाठी म्हणून घरच्या घरी थांबवायची नाही. त्याच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर बायोटिन चालू असल्याचे ठळक लिहून द्यायचे.